क्लोरीनच्या वासावर ठेवलेला भरवसा

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की ब्लीच तयार होतं, हे मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं. धन टोकाशी क्लोरीन, ऋण टोकाशी हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. मध्ये पडदा नसला, तर क्लोरीन आणि सोडा पाण्यातच एकत्र येऊन सोडियम हायपोक्लोराइट होतं. पावसाळ्यात पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर येईना, तेव्हा गावच्या टाकीसाठी हे द्रावण आपणच करू, असं मी ग्रामपंचायतीत पुढे होऊन सांगितलं. समीकरण येतं म्हणजे काम येतं, असं धरून चाललो.

पहिली चूक सर्वांत वाईट. बॅटरीच्या चार्जरच्या धन टोकाला मी स्टेनलेस स्टीलची पट्टी लावली. स्टील गंजत नाही, ही माझी समजूत. खाऱ्या पाण्यात, धन टोकाला, ते सरळ विरघळतं. बघता बघता पाणी पिवळट-तपकिरी झालं, तळाशी गाळ बसला. गंज असेल, फडक्याने गाळून घेऊ, असं मी म्हणालो. पण स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि हायपोक्लोराइटच्या सहवासात त्याचं षट्संयुजी, विषारी रूप होतं. ते पाण्यात विरघळलेलं असतं, फडक्यात अडकत नाही. गावच्या पाण्याचं काम बघणाऱ्या जलसुरक्षकाने रंग पाहून ते टाकीत ओतायला साफ नकार दिला, म्हणून गाव वाचलं. मी मात्र ते परसात ओतून दिलं. आज तसं कुणी करताना दिसलं, तर मी त्याचा हात धरेन.

जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्याही वापरून पाहिल्या. त्या झिजून पाणी काळं होई. या कामाला रुथेनियम ऑक्साइडसारखा लेप दिलेला टायटॅनियमचा इलेक्ट्रोड लागतो. शेवटी तोच आणला.

मग ऋण टोकावर पांढरा थर धरू लागला. बोअरचं जड पाणी आणि जाडं मीठ, दोन्हींत कॅल्शियम-मॅग्नेशियम. थर काढायला मी द्रावण करायच्या टबात ॲसिड ओतलं. आधीचं द्रावण तळाशी शिल्लक होतं. आम्ल आणि हायपोक्लोराइट भेटले की क्लोरीन वायू सुटतो, हेही मीच शिकवलेलं. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचणारा, आणि मी टबावर वाकलेलो. छातीतली जळजळ बराच काळ गेली नाही. त्या खोलीची खिडकीसुद्धा बंद होती. वर साठणारा हायड्रोजन आणि चार्जरच्या चिमट्याची ठिणगी, यांचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

तरी गावाला फसवलं असतं ते वासाने. जास्तीचं द्रावण मी पारदर्शक बाटल्यांत भरून पत्र्याखाली ठेवलं होतं. झाकण उघडलं की वास येई, म्हणून अंदाजाने टाकीत घालत राहिलो. जलसुरक्षकाने ओटी टेस्ट केली, ज्यात क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं, तर नळाच्या पाण्याला पिवळी छटाच नाही. ऊन आणि उष्णता यांनी हायपोक्लोराइटचं मीठ आणि क्लोरेट होऊन गेलं होतं. नाकाला जाणवायला अगदी थोडा क्लोरीन पुरतो, जंतू मारायला तेवढा पुरत नाही.

आता लिटरला ३० ग्रॅम मीठ घेतो, खोली उघडी ठेवतो आणि द्रावण लागेल तेवढंच, ताजं करतो. आमच्या संचात क्लोरीन ०.६ टक्क्यांच्या आसपास येतो. लिटरमागे २ मिलिग्रॅम धरले, तर हजार लिटरला ३३० मिली लागतं. अर्ध्या तासाने टेस्ट टाकीपाशी होते आणि मग गावातल्या शेवटच्या नळावर. तिथे क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाला, तर मात्रा वाढवायची की नाही, हे जलसुरक्षक ठरवतो.