दुसरा लिटर

सत्तरी उलटल्यावर आपल्याला कोणी पाणी प्यायला शिकवील असे मला कधी वाटले नव्हते. पण तसे घडले खरे.

सहा महिने शौचावाटे अधूनमधून रक्त जात होते. मूळव्याध असेल, असे स्वतःच ठरवून घरातही बोललो नाही. जन्मभर वर्गात "शंका असेल तर विचारा" म्हणणारा मी! शेवटी एकदा सौ.च्या लक्षात आले आणि माझे काही चालले नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली. सोबत पावडर आणि एक छापील कागद. पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची. एक लिटर आदल्या संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या दिवशी पहाटे. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला.

आदल्या दिवशी जेवण बंद. प्यायचे ते आरपार दिसणारे: नारळपाणी, गाळलेले लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, भाज्या उकळून गाळलेले पाणी. दूध, ताक नाही. आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचा रसही नाही, कारण त्यात गर असतो. डाळिंब, बीट, कोकम तर मुळीच नाही. तो लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो.

मी कागद वाचला, आणि नापास झालो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "घ्या न सर, अर्ध्या कपानं काय होते!" तो दुधाचा चहा घेतला. पण खरी चूक पुढेच. पहाटे धामणगावहून गाडी पकडायची होती. पावडरचे पाणी पिऊन डब्यात बसलो आणि संडास रिकामा नसला तर? या धास्तीने दुसरा लिटर घरीच ठेवून स्टेशन गाठले.

तपासणी अर्ध्यावर थांबली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "सर, फळा पुसलाच नाही, तर त्यावरचं आम्ही वाचायचं कसं?" मान खाली घालून परत आलो.

दुसऱ्या खेपेला मात्र आधी विचारले: साधे पाणीच भरपूर प्यायलो तर? ते म्हणाले, साधे पाणी आतडे शोषून घेते आणि ते लघवीवाटे जाते. पावडरमधले पॉलिएथिलीन ग्लायकॉल पाणी धरून ठेवते, म्हणून ते आतडे धूत थेट बाहेर पडते. त्यात क्षारही मोजून घातलेले असतात. अमेरिकेतल्या फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी असे द्रावण 1980 साली मांडले. आणि दुसरा लिटर कशाला? रात्रभरात लहान आतड्यातला पाझर पुन्हा खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग माखतो. पहाटेचा लिटर तो धुतो.

या वेळी आदल्या दिवशीच नागपूरला पुतण्याकडे मुक्कामाला गेलो. पाणी थंड केले, तेवढीच खारट चव कमी लागली. सूनबाई प्रत्येक पेल्याला कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ मारत होती. सांगितलेल्या वेळेनंतर थेंबही घेतला नाही.

रक्त मूळव्याधीचेच निघाले. माझे निदान बरोबर होते म्हणायचे! पण आतड्याच्या त्या सुरुवातीच्या भागात हरभऱ्याएवढा कोंब सापडला. त्याचा मूळव्याधीशी काही संबंध नव्हता. तो तिथल्या तिथे काढला. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता, पण असे कोंब वर्षानुवर्षे राहिले तर त्यातल्या काहींचा कर्करोग होतो. पहिल्या खेपेला माखलेला होता तो हाच भाग.

म्हणून हे लिहिले. तपासणी परगावी असेल तर आदल्या रात्री तिथेच राहा. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर काय, किती प्यायचे आणि कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा; माझे ऐकू नका. आणि रक्त दिसले तर माझ्यासारखे सहा महिने गप्प बसू नका.

असो. त्या वहिनींकडे नंतर गेलो आणि दुधाचा चहा घेतला. पूर्ण कप.