दहा गुंठे

मामानं व्हॉट्सॲपवर दोन पीडीएफ पाठवल्या आणि खाली एक व्हॉइस नोट. "बापू, तू इंजिनिअर आहेस ना, वाचून सांगजो काय आहे ते. इथं सगळे वेगवेगळं सांगून राह्यले."

पहिली पीडीएफ जनसुनावणीची सूचना होती. वणी तालुक्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीचा विस्तार होणार होता आणि त्यात मामाच्या गावची उरलेली शेतंही जाणार होती. (खाणीचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरचा विषय आहे.) दुसरी पीडीएफ म्हणजे हक्कसोडपत्राचा मसुदा. त्यात लिहून देणार म्हणून आईचं नाव होतं.

मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलो होतो. पहिली पीडीएफ डाउनलोड करून ठेवली. दुसरी तीनदा वाचली.

आम्ही नांदेडचे. आईचं माहेर वणीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. लहानपणी सुट्टी लागली की नंदीग्राम एक्सप्रेस पकडायची. किनवट जायचं, आदिलाबाद जायचं, मग पैनगंगेचा पूल. वणी जवळ आलं की सपाट मुलखात मधेच डोंगर दिसायला लागायचे. आमच्याकडं बालाघाटचे डोंगर बघितलेले, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आजीनं एकदा सांगितलं, ते डोंगर नाहीत, खाणीतून काढलेली माती आहे. कोळशावरची सगळी माती काढून बाजूला रचतात. तिथले लोक त्याला ओबी म्हणतात. आजी म्हणायची, "आपलं वावर उलटं करून ठेवलं तिथं."

मराठवाड्यात कोळसा नाही. आमच्याकडं खाली काळा दगड. कोळसा आमच्याकडं फक्त मालगाडीतून दिसायचा आणि परळीच्या थर्मलच्या चिमणीतून. मी २०१२ ते २०१४ लातूरला होतो, अकरावी-बारावीला, 'लातूर पॅटर्न'मध्ये. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद पडलं. २०१५ च्या जुलैमध्ये पुन्हा. पुढच्या एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा डोक्यात कोळसा आणि दुष्काळ एकाच खात्यात जमा झाले. कॉलेजात हवामान बदलावर सेमिनार दिला. इन्स्टाग्रामवर 'कोळसा थांबवा'च्या स्टोऱ्या टाकल्या.

पण माझी पहिल्या वर्षाची फी कोळशातूनच आली होती. खाणीच्या आधीच्या टप्प्यात आजोबांची थोडी जमीन गेली होती, पैसे आले होते. त्यातून आईला साडीचोळी मिळाली आणि मला फी. स्टोरी टाकताना हे कधी आठवलं नाही.

आता गणित सांगतो, कारण सगळं भांडण त्या गणितातच आहे.

उरलेली जमीन साडेतीन एकर, म्हणजे १४० गुंठे. सातबाऱ्यावर चार नावं: मोठा मामा, लहान मामा, आई, मावशी. प्रत्येकाच्या वाट्याला ३५ गुंठे. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असं सूत्र आहे. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. दोन्ही मामांची मिळून ७० होतात. दहा गुंठे कमी पडतात.

मी चक्क एक्सेल उघडलं. कोणतीही दोन नावं घ्या, ७०. कोणतीही तीन घ्या, १०५. चारही घेतली तरी दुसऱ्या नोकरीला वीस गुंठे कमी. म्हणजे काहीही केलं तरी नोकरी एकच, आणि एका तरी बहिणीशिवाय ती होत नाही. दोन्ही मामांना एकेक मुलगा. मोठ्याचा खाणीतच ठेकेदाराकडं टिपर चालवतो. लहान्याचा बीए करून वणीत मोबाइलच्या दुकानात बसतो. 'कायम' हा शब्द त्या घरात ज्या आवाजात उच्चारतात, तसा आमच्याकडं 'ऑनसाइट' उच्चारतात.

मग धोरणाची मूळ प्रत शोधून वाचली. त्यात असं आहे की दोन एकरांपेक्षा कमी जमीन असलेले लोक आपली जमीन एकत्र दाखवू शकतात आणि आपल्यातल्या एकाचं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याचं नाव नोकरीसाठी देऊ शकतात. म्हणजे आईची संमती लागणार होती, हक्क सोडायची गरज नव्हती. हक्कसोडपत्रावर सही केली की मोबदलाही गेला.

हे मामाला माहीत होतं की नव्हतं, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

रजा टाकून मी नांदेडला आलो आणि आईला घेऊन वणीला गेलो. सुनावणीला मोठा मंडप होता, पोलीस होते, समोर टेबलामागं अप्पर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशी सुनावणी होते. तीस दिवस आधी सूचना द्यायची, लोकांचं ऐकायचं, लिहून घ्यायचं. मतदान नसतं. किती लोक हवेत याचीही अट नाही. शिवाय बऱ्याच कोळशासाठी जमीन घेतात ती १९५७ च्या वेगळ्या कायद्याखाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात संमतीचे जे टक्के आपण पेपरात वाचतो, ते तिथं लागू नाहीत. मे २०२२ मध्ये देशात कोळसाटंचाई होती, तेव्हा तर क्षमता ४० टक्के वाढवायची मंजुरी असलेल्या खाणींना पुन्हा सुनावणी न घेता ५० टक्क्यांपर्यंत जायची वाट केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मोकळी केली होती. त्यामुळं मंडप पडला हेच खूप, असं मागं बसलेले एक काका म्हणाले.

मी मोबाइलमध्ये भाषण लिहून नेलं होतं. ग्लासगो, २०७० चं नेट झिरो, वगैरे. मला वाटलं होतं, एक बाजू 'खाण नको' म्हणेल, दुसरी 'हवी' म्हणेल, आणि मी पहिल्या बाजूला जाऊन बसेन.

तसं झालंच नाही. 'खाण नको' असं सरळ म्हणणारे दोघं-तिघंच. एका शेतकऱ्याचं वावर खड्डा आणि ढिगाऱ्याच्या मधे सापडलेलं. तो ओरडून सांगत होता, "घेता तर पूर्ण घ्या! अर्धं ठेवून काहून मारता?" कपाशीवर धूळ बसते, डुकरं येतात, जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही. त्याला खाण आवडत नव्हती, त्याला सुटायचं होतं. एका रिटायर्ड मास्तरांनी ढिगारे निर्गुडेच्या पात्रापासून किती लांब राहणार ते विचारलं आणि २०२२ च्या जुलैतल्या पुराची आठवण दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरचं एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं. घरातले लोक थोडक्यात वाचले. ते नाव निघालं तसा मंडप गप्प झाला. मग पोरं उठली, ठेक्यात बाहेरची माणसं का घेता म्हणून.

आणि एक बाई. माइक तोंडापासून लांब धरून बोलत होती, नीट ऐकूही येत नव्हतं. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाते. तिनं विचारलं, "वावरं गेली तं त्याहिले पैसे भेटन. आमाले काम कोण देईन?" टेबलामागून उत्तर आलं की मुद्दा नोंदवला आहे. एकरांत मोजणाऱ्या धोरणात तिच्या नावापुढं शून्य लागतं, हे माझ्या एक्सेललाही दिसलं नव्हतं.

मी बोललो नाही. चहा पिताना मागच्या काकांना भाषणाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "२०७० ले माझा नातू साठ वर्षांचा होईन. त्याले आता पंधरावं चालू आहे. त्याचं आताचं सांग." २०२४-२५ मध्ये देशातलं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढं गेलं. मी ऑफिसात रोज दहा तास ज्या सर्व्हरशी बोलतो, तो कशावर चालतो हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी वाचलेलं सांगितलं. संमती पुरेल, हक्कसोड नको. मावशी फोनवर होती. लहान मामा जमिनीकडं बघत बसला. मोठ्या मामानं ताटातलं पाणी हलवलं आणि म्हणाला, "तुले कागद वाचाले बोलावलं होतं, वाटणी कराले नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी बाळंतविड्यापासून या माणसाचं खाल्लंय.

आई माहेरी आली की वऱ्हाडी बोलते. नांदेडला 'येते, जाते' म्हणणारी बाई इथं 'येतो, जातो' म्हणते. ती म्हणाली, "दादा, पोराले नोकरी भेटू दे. मी सही देतो. पण त्या कागदावर नाही, दुसऱ्या." मग उठून भांडी घासायला गेली. मामी तिला नको नको म्हणत मागं गेली.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, खाण व्हावी की नाही? ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. ढिगाऱ्यांवर बाभळी उगवल्या होत्या. "नाही झाली तर भाऊ त्या धुळीत अडकतो," ती म्हणाली. "झाली तर माझं माहेर जातं." मग पर्समधून शेंगदाण्याचे लाडू काढले. मामीनं दिलेले.

परवा मामाची नवी पीडीएफ आली. संमतीपत्र. त्यात चौघांची नावं बरोबर टाइप केली आहेत, गट नंबर बरोबर आहे, प्रत्येकापुढं ३५ गुंठे. नोकरीसाठी ज्याचं नाव द्यायचं ती ओळ कोरी आहे. खाली व्हॉइस नोट फक्त चार सेकंदांची.

"वाचून सांगजो."