काकांचे रजिस्टर

"काका, रजिस्टर बंद करा, आता सगळं कॉम्प्युटरवर!" २००६ साली थर्ड इयरला मेस सेक्रेटरी झाल्या झाल्या मी हे ऐटीत सांगून टाकले. दोन नाईट मारून ॲक्सेसमध्ये मेसचा हिशेब बसवला होता ना! एमडीबीची एकच फाईल, मेस ऑफिसच्या पीसीवर शेअर केलेली. तिथे काका खाडे भरायचे, रेक्टर ऑफिसातून गेस्टची नोंद व्हायची आणि मी रूमवरून लॅनवर बिले काढायचो. फॉर्ममध्ये साधा रंग बदलायचा तरी मला आधी दोघांनाही बाहेर काढावे लागे. पण ॲक्सेस एका वेळी २५५ जणांना चालवून घेतो असे वाचले होते, मग तिघांची काय कथा?

पंधरा-वीस दिवस बरे गेले. एका संध्याकाळी माझी बिले सेव्ह होत असताना विंगमधल्या कुणीतरी गेम खेळायला हबची वायर उपटली. (नाव सांगत नाही. हल्ली तो नेटवर्किंगमध्येच आहे!) सकाळी काकांचा निरोप आला, "फाईल उघडंना." कॉम्पॅक्ट अँड रिपेअर केले. उघडली, पण खाड्यांच्या निम्म्या नोंदी गायब. बॅकअप घ्यायचा राहूनच गेला होता.

माझ्याच मजल्यावरचा एकजण वडिलांच्या ऑपरेशनसाठी १८ दिवस घरी होता. खाडे गेले म्हणजे त्याला पूर्ण महिन्याचे बिल. त्याच्यासमोर जायचा मला धीर होईना. शेवटी काकांकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढले. रोज लिहीत होते! "तुझं चालू होतं, माझं पण चालू होतं," एवढंच बोलले. रात्री ते वाचत गेले, मी टाईप करत गेलो. त्या मुलाचे १८ खाडे त्यांनी बोट ठेवून दोनदा मोजले.

घोळ नंतर कळला. ॲक्सेसच्या फाईलीला सर्व्हर नसतोच. फाईल एका मशीनवर पडलेली, पण तिच्यात लिहितो प्रत्येकाचा पीसी, नेटवर्कवरून. मधेच वायर गेली की लिहिणे अर्धवट. मग फाईल दुभागली. टेबले शेअर्ड फोल्डरमध्ये, फॉर्म आणि रिपोर्टची कॉपी ज्याच्या त्याच्या पीसीवर. त्यासाठीचा विझार्ड मेनूतच होता, मी कधी उघडला नव्हता. वायरचा धोका तरीही उरतोच. म्हणून रोज रात्री सगळे बाहेर पडले, शेजारची एलडीबी फाईल गेली, की टेबलांची कॉपी पेनड्राईव्हवर.

मी पास होईपर्यंत ते चालले. काकांनी रजिस्टर काही बंद केले नाही, आणि मीही पुन्हा तसे म्हणालो नाही.