शेंगदाणा वगळून ऑरलँडो

मे महिना संपत आला आणि शाळांना सुट्ट्या लागल्या, की शुगर लँडमधल्या मराठी घरांत दोनच प्रश्न असतात. यंदा भारतात जायचं का? आणि नसेल जायचं, तर मुलांना कुठल्या पार्कात न्यायचं? पूर्वी ह्यूस्टनकरांना त्यासाठी फार लांब जावं लागत नसे. ॲस्ट्रोडोमच्या शेजारी १९६८ पासून ॲस्ट्रोवर्ल्ड होतं. २००५ साली ते बंद झालं. तेव्हापासून एक तर आय-टेननं तीन तासांवरचं सॅन अँटोनिओ गाठायचं, म्हणजे १९८८ साली सुरू झालेलं सीवर्ल्ड आणि चुनखडीच्या जुन्या खाणीत १९९२ साली उभारलेलं फिएस्टा टेक्सास. नाही तर हजारेक मैलांवरचं ऑरलँडो.

या पार्कांची वर्णनं आपल्या वाचकांना नवी नाहीत. कुठल्या राइडला किती रांग, कुठल्या हॉटेलात ब्रेकफास्ट फुकट, हे सगळ्यांना पाठ आहे. आम्ही लिहिणार आहोत ते या सहलींतल्या जेवणाबद्दल. आमच्या धाकटीला शेंगदाणा, काजू-पिस्ता आणि तीळ यांची ॲलर्जी आहे. जिभेला थोडी खाज सुटते अशातली नव्हे. अंगभर गांधी उठतात, घसा आवळत जातो आणि इंजेक्शन द्यावं लागतं, अशी. मराठी घरात या जिनसांची नावं घेतली की स्वयंपाकघर निम्मं रिकामं होतं. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, दाण्याची चटणी, सगळं गेलं. संक्रांतीचा लाडू तर शत्रुपक्षातले दोघं एकत्र करूनच वळतात. घरी आम्ही दाण्याच्या कुटाऐवजी भाजलेल्या डाळ्याचं कूट घालायला शिकलो आणि निभावलं. पण सहलीत दिवसातून तीनदा परक्या हातचं खायचं असतं. गेल्या काही वर्षांत सॅन अँटोनिओच्या तीन आणि ऑरलँडोच्या दोन सहली झाल्या. त्यांत जे हाती लागलं ते इथं मांडतो आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे सहलीची तालीम गावातच करावी. त्यासाठी शुगर लँडइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. साखरेच्या कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. इंपीरिअल शुगरची इथली रिफायनरी २००३ च्या सुमारास बंद पडली. साखर गेली, पण खाण्याची चंगळ मात्र वाढतच गेली. हायवे सिक्सच्या दोन्ही अंगांना डोसा, बिर्याणी, व्हिएतनामी फो, टाको, चिनी, सगळं हारीनं मांडलेलं आहे. बाहेर कुठं, कुणाला, काय विचारायचं याचा सराव आम्ही इथंच केला. आणि गंमत म्हणजे सगळ्यात अवघड परीक्षा झाली ती आपल्याच देशी हॉटेलात.

झालं असं. एका ठिकाणी आम्ही वाढप्याला विचारलं, "नट्स आहेत का यात?" तो हसून म्हणाला, "नो नट्स, सर." आमच्या थोरल्यानं सहज विचारलं, "काजू?" तर म्हणाला, "काजू तो ग्रेव्ही में है ही!" माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्या भाषांत काजू, बदाम, पिस्ता हा सुकामेवा असतो. शेंगदाणा हा तर शेंगदाणाच. 'नट्स' नावाची जात आपल्या स्वयंपाकघरात नाहीच. इंग्रजीतही घोळ आहे. पीनट नावाला नट असला, तरी वनस्पतिशास्त्रात तो वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला. म्हणून इथल्या कायद्यात तो वेगळा आणि झाडावरचा सुकामेवा वेगळा. तेव्हापासून आम्ही जातीचं नाव घेत नाही, एकेका जिनसाचं घेतो. शेंगदाणा? काजू? पिस्ता? तीळ? आणि कुठल्या तेलात तळता? त्याच कढईत आणखी काय तळता?

कायदा कुठं साथ देतो आणि कुठं देत नाही, हेही माहीत हवं. २००४ साली झालेल्या आणि २००६ पासून लागू झालेल्या कायद्यानं अमेरिकेत पाकीटबंद खाद्यपदार्थांवर आठ जिनसांची नावं स्पष्ट लिहावी लागतात : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन. २०२३ च्या १ जानेवारीपासून तीळ नववा झाला. आम्हाला कोण आनंद झाला! पण झालं उलटंच. यंत्रावर तिळाचा कणही राहू नये अशी सफाई करत बसण्यापेक्षा काही बेकऱ्यांनी पावात मुद्दाम तिळाचं पीठ घालून तसं लेबल लावायला सुरुवात केली. काल चालणारा बन आज चालेनासा झाला. म्हणून ओळखीच्या पाकिटाचंही लेबल दर खेपेला वाचावं. 'असू शकेल' ही सूचना तर ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. आपल्या फोडणीतली मोहरी अमेरिकेच्या यादीत नाही, युरोपच्या चौदांत आहे. आणि भारतात ॲलर्जीची जी यादी लेबलावर लागते तीत तीळ नाही. तेव्हा पुण्याहून आलेल्या चिवड्याच्या पुडीवर नुसती ॲलर्जीची ओळ वाचून भागत नाही, सगळे घटक वाचायचे.

हे सगळं पाकिटापुरतं झालं. हॉटेलच्या ताटाला हा कायदा नाही. टेक्सासमध्ये २०२३ साली एक कायदा होऊन हॉटेलांना कर्मचाऱ्यांसाठी ॲलर्जीची माहिती देणारा तक्ता लावणं बंधनकारक झालं. चांगलंच आहे, पण तक्ता भिंतीवर असतो आणि स्वयंपाक शेगडीवर. मध्ये विचारणारा माणूस लागतोच.

आता रस्त्याचं. आम्ही एकदा विमानानं गेलो, एकदा गाडीनं. हॉबी विमानतळावरून उडणारी साउथवेस्ट ही टेक्सासची कंपनी. खारे शेंगदाणे ही जणू तिची खूणच होती. ऑगस्ट २०१८ पासून तिनं ते वाटणं बंद केलं. तरी शेजारचा प्रवासी काय काढून खाईल ते आपल्या हातात नाही. बसल्याबरोबर ट्रे आणि सीटचे हात ओल्या रुमालानं पुसून घेणं आपल्या हातात आहे. नुसतं सॅनिटायझर चोळून शेंगदाण्याचा अंश जात नाही, पुसावाच लागतो.

गाडीनं जाताना आय-टेन लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा करत फ्लोरिडात शिरतो. या भागात रस्त्याकडेला पाट्या दिसतात : 'उकडलेल्या शेंगा'. अगदी आपल्यासारख्या, मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेल्या! अलाबामातल्या डोथन गावात १९३८ पासून शेंगदाण्याचा मोठा उत्सव भरत आला आहे. एरवी मराठी माणसानं ब्रेक दाबलाच असता. आम्ही लहानपणीच्या शेतातल्या शेंगा आठवत काचा वर करून पुढं गेलो. तळलेल्या चिकनचंही तसंच. चिक-फिल-ए आणि फाइव्ह गाइज यांचं तळण शेंगदाण्याच्या तेलातलं. भरपूर शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून लेबलाचा कायदा त्याला ॲलर्जीत धरत नाही. तरी आपल्या मुलाला ते द्यावं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावं. मात्र हल्ली कौतुकानं आणलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल ही अगदी वेगळी चीज आहे, त्यात प्रथिन राहतं.

ऑरलँडोला पोचल्यावर मात्र वातावरण बदलतं. डिस्नेच्या बहुतेक रेस्टॉरंटांत ॲलर्जीचा वेगळा मेनू मागता येतो. बुकिंग करतानाच ॲलर्जी नोंदवून ठेवावी, टेबलावर पुन्हा सांगावी आणि जेवायला ऐन गर्दीच्या थोडं आधी जावं, म्हणजे स्वयंपाक्याला बोलायला वेळ असतो. बुफे असेल तर स्वयंपाकी आपल्याबरोबर फिरून एकेक पदार्थ सांगतो आणि गरज पडली तर आतून वेगळी प्लेट करून आणतो. बुफेतले चमचे या भांड्यातून त्या भांड्यात जातात, म्हणून ही सोय मोलाची. एपकॉटमध्ये अकरा देशांचे विभाग आहेत. प्रत्येक देशाच्या खाण्यात आपला शत्रू वेगळ्या वेषात येतो. मेक्सिकोच्या मोले सॉसमध्ये शेंगदाणे आणि तीळ असू शकतात, मोरोक्कोकडच्या खाण्यात ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ, इटलीच्या पेस्टोत सुकामेवा. आइस्क्रीमचा डाव एका डब्यातून दुसऱ्यात बुडतो. नवा डाव आणि न उघडलेला डबा मागायला लाजू नये.

त्या खेपेला साताऱ्याहून आलेली आजी बरोबर होती. पानात पडलं ते मुकाट्यानं खावं, यजमानाला 'यात काय घातलंय' विचारू नये, अशा वळणात आजीही वाढली आणि आम्हीही. आमचं ते विचारणं तिला ओशाळवाणं वाटत होतं. संध्याकाळी एका रेस्टॉरंटात तरुण स्वयंपाकी टेबलाशी आला, गुडघ्यावर बसून धाकटीशीच बोलला आणि आत जाऊन पावाचं पाकीटच आणून दाखवलं. आजीला राहवलं नाही. तिनं आपल्या इंग्रजीत विचारलं, "नो पीनट? प्रॉमिस?" तो म्हणाला, "प्रॉमिस नाही देऊ शकत, आजी. आमच्या किचनमध्ये सगळंच शिजतं. पण हात धुऊन, नवे हातमोजे घालून, वेगळ्या तव्यावर मी स्वतः करीन आणि स्वतः घेऊन येईन. मिठाई मात्र इथली देऊ नका, तिची खात्री नाही." थोरल्यानं भाषांतर केलं. आजी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "हा खरं बोलतोय. याच्या हातचं चालेल."

आमच्या सगळ्या सहलींचं सार त्या वाक्यात आहे. 'काही होत नाही हो, खा बिनधास्त' म्हणणाऱ्याची आम्हाला भीती वाटते. 'हे जमेल, ते जमणार नाही' म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवता येतो. डिस्नेसुद्धा शंभर टक्के हमी देत नाही. आणि समोरचा नीट उत्तर देऊ शकत नसेल, तर निमूट उठावं आणि डबा उघडावा. डबा बरोबर हवाच. डिस्नेत स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं, काचेची बाटली चालत नाही. सिक्स फ्लॅग्जच्या पार्कांत बाहेरचं खाणं मना असलं, तरी ॲलर्जीवाल्यांना सवलत असते. निघण्याआधी त्या त्या पार्कचा चालू नियम बघून घ्यावा. दशम्या आणि बटाट्याची भाजी या दोघांनी आमचे किती दिवस तारले!

आता औषधाचं, कारण यात गंमत नाही. एपिनेफ्रिनचं इंजेक्शन एक नव्हे, दोन बाळगावीत. ते २० ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. टेक्सास-फ्लोरिडाच्या उन्हात उभ्या गाडीत ते ठेवणं म्हणजे औषध शिजवणं. बर्फाला चिकटवून ठेवणंही वाईट. उष्णता अडवणारी छोटी पिशवी घ्यावी. राइडवर जाताना सामान लॉकरमध्ये गेलं तरी ही पिशवी खाली थांबणाऱ्याच्या हातातच हवी. श्वास लागला, घसा आवळला, गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर वाट बघू नये. आधी इंजेक्शन, मग लगेच ९११. खाजेची गोळी किंवा सिरप हा त्याला पर्याय नव्हे. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जावंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाकात फवारायच्या एपिनेफ्रिनलाही इथं मान्यता मिळाली. सुईला भिणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी डॉक्टरांकडे चौकशी करावी.

"आमच्या वेळी नव्हतं हे काही," असं आजी म्हणायचीच. त्यात थोडं तथ्यही आहे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २०१५ साली लंडनच्या एका अभ्यासात उलट दिसलं. ज्या धोक्यातल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पुढं ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. उष्टावणानंतर बाळाला घरातलं सगळं बोटावर चाखवणाऱ्या आज्या अगदीच चुकत नव्हत्या म्हणायच्या! पण एकदा ॲलर्जी जडली, की 'थोडंसं देऊन सवय करू' हा घरचा उपाय नव्हे. तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायचा. हे समजल्यापासून आजीच आमची सगळ्यात कडक पहारेकरी झाली.

शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. हजार मैलांवरचा अनोळखी स्वयंपाकी आमच्या मुलीला पाकीट आणून दाखवतो. मग गणपतीच्या महाप्रसादात आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्याला ते का जमू नये? प्रत्येक पदार्थापुढं एक चिठ्ठी, तीत दाणे, काजू, तीळ, दूध यांची नावं. दर भांड्याला वेगळा डाव. 'अगं, एवढंसं खाल्लं तर काय होतंय' हा आग्रह मुलांपुरता बंद. आणि नक्की माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणावं. त्यात यजमानपणाला काही उणेपणा येत नाही. गेल्या संक्रांतीला मंडळातल्या एका काकूंनी तिळगुळाच्या ताटापासून दूर, दुसऱ्या टेबलावर बत्ताशांची वाटी ठेवली होती. धाकटीनं सवयीनं विचारलं, "काकू, यात काय आहे?" काकू म्हणाल्या, "नुसती साखर. थांब, पाकीट आणून दाखवते."