सुग्रा, कुब्रा आणि मातृभाषेचा रकाना

माझा भाचा आकुर्डीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतो. परीक्षा आली की अभ्यासाला आमच्याकडे येतो. परवा रात्री म्हणाला, "खाला, नाना मदरशात मंतिक शिकले होते ना? मग हे प्रकरण तुम्हाला कळेल." यंत्राला ज्ञान कसं लिहून द्यायचं आणि त्यावरून त्याने निष्कर्ष कसा काढायचा, असं ते प्रकरण होतं.

मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. अब्बा आम्हाला जेवताना सांगायचे : झैद माणूस आहे, ही सुग्रा. प्रत्येक माणूस मर्त्य आहे, ही कुब्रा. म्हणून झैद मर्त्य आहे, हा नतीजा. 1958 साली जॉन मॅकार्थी यांनी संगणकासाठी जवळपास हीच वाट सुचवली. त्याला माहिती आणि नियम तर्काच्या वाक्यांत द्या, पुढचं तो स्वतः काढेल.

वाचता वाचता मला आमच्या शाळेतली गोष्ट आठवली आणि पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

मागच्या वर्षी वर्गाची माहिती ऑनलाइन भरायची होती. 'मातृभाषा' असा एक रकाना होता. शाळा उर्दू माध्यमाची, मुलांची नावं समोर, शेवटची तारीख उद्याची. मी सगळ्यांसमोर 'उर्दू' भरून टाकलं. काही दिवसांनी एक मुलगी टेबलापाशी आली. वडील चाकणच्या कारखान्यात कामाला, कुटुंब मूळचं कोल्हापूरकडचं. हळूच म्हणाली, "टीचर, घरी आम्ही सगळे मराठीच बोलतो. दादी तर उर्दू बोलतच नाही. मग फॉर्ममध्ये खोटं लिहिलंय का?"

माझ्या तर्कात चूक नव्हती. चूक कुब्रात होती : 'मुसलमान मुलाची मातृभाषा उर्दूच.' एखादा मराठी माणूस मला "तुमचं मराठी फार छान आहे हो" म्हणतो, तेव्हा तोही हाच नियम लावत असतो. त्याचा मला राग येतो. इथे तो मीच लावला होता.

भाच्याने पुढचं पान दाखवलं. पक्षी उडतात, हा नियम. पण पेंग्विन उडत नाही. 1980 मध्ये रेमंड रायटर यांनी यासाठी वेगळं तर्कशास्त्र मांडलं : उलट काही कळेपर्यंत नियम धरून चाला, कळलं की निष्कर्ष मागे घ्या. मला ते पटलं. फक्त एक अडचण आहे. उलट काही कळण्यासाठी कुणीतरी विचारावं लागतं, नाहीतर एखाद्या मुलीने टेबलापर्यंत यायचं धाडस करावं लागतं.

आयआयटी मुंबईत मराठीचा 'शब्दबंध' तयार झाला आहे. त्यात समान अर्थाचे शब्द एकत्र ठेवून अर्थांची नाती जोडलेली आहेत. भारतीय भाषांचे असे कोश एकमेकांना जोडले आहेत, त्यात उर्दूही आहे. तिथे एकाच अर्थापाशी 'पुस्तक' आणि 'किताब' दोन्ही पोहोचतात. माझ्या रकान्यात मात्र एकच भाषा मावत होती.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट घेऊन एकेका मुलाला विचारलं, "घरी आईशी काय बोलतोस?" सात नोंदी बदलाव्या लागल्या. दोन मुलं म्हणाली, "दोन्ही, टीचर." त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये सोय नव्हती. ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.