वाकडी काडी

माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधली हॉलची एक भिंत दोन वर्षं रिकामीच होती. घरमालक काकांची अट, ‘एकही नवा खिळा ठोकायचा नाही!’ खिडकीजवळ आधीच्या भाडेकरूचा एक खिळा होता, पण त्यावर मी साधं कॅलेंडरही लावलं नव्हतं. फ्रीलान्सरला तारखा डोळ्यांसमोर नको असतात, दुसरं काय?

मे महिन्यात ताईने तिची दोन पिल्लं चार दिवसांसाठी माझ्याकडे धाडली. भाची आठ वर्षांची, भाचा पाच. नेमकं त्याच आठवड्यात मला ‘मुलांसोबत सजवा भिंत’ असं एक फोटो-फीचर द्यायचं होतं. म्हटलं, वा! मुलंही रमतील, डेडलाइनही गाठता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही वेताळ टेकडीवर. नियम एकच, झाडाचं काही तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं. या कामाला उन्हाळा एकदम सही. गिरिपुष्पाच्या शेंगा तडकून छान पिळदार झालेल्या असतात. शिरीषाच्या फिक्या, कागदासारख्या शेंगा सापडल्या. परतताना रस्त्यात गुलमोहराच्या लांबलचक शेंगा मिळाल्या, हलवल्या की आत बिया खुळखुळतात. भाच्याने लगेच तलवारबाजी सुरू केली, त्यात दोन शेंगा शहीद झाल्या.

सगळा माल दिवसभर गच्चीत उन्हात टाकला, कारण शेंगांमध्ये किडे असतात. (भाच्याला तेच सगळ्यात जास्त आवडले!) मग हातभर लांब काडी घेतली, तिच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधली आणि खाली कमी-जास्त उंचीवर शेंगा लटकवल्या. रंग नाही, डिंक नाही. देठाभोवती सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ मारायची, नाहीतर शेंग सटकते. ‘जड शेंगा मध्ये, हलक्या कडेला,’ मी एक्सपर्टसारखं सांगितलं.

भाचीने साफ दुर्लक्ष केलं. गुलमोहराच्या सगळ्या शेंगा तिने खिडकीच्या बाजूला बांधल्या. काडी खिळ्याला टांगली, तर अर्थातच तिरकी झाली. फोटोत कशी दिसणार ही?

मुलं झोपल्यावर मी हळूच काडी खाली काढली आणि शेंगा सोडून नव्याने बांधल्या. वीस मिनिटांत सगळं कसं मासिकातल्यासारखं!

सकाळी भाची तोंडात ब्रश धरून भिंतीसमोर उभी. ‘कोणी केलं हे?’

‘अगं, रात्री पडलं होतं, मी परत बांधलं,’ मी सरळ थाप मारली.

ती चूळ भरून आली आणि म्हणाली, ‘छान आहे. पण हे माझं नाहीये.’ फोटोसाठी शेजारी उभी राहायलाही तयार होईना.

माझ्या लेखाचा इंट्रो डेस्कवर कोणी बदलला, की मी दिवसभर धुसफुसत असते. शाळेत हस्तकलेत मिळालेलं बक्षीस मला अजूनही बाबांचंच वाटतं, कारण ती बोट त्यांनीच रात्री जागून पूर्ण केली होती. हे सगळं माहीत असूनही मी तेच केलं!

‘ते पडलं नव्हतं,’ शेवटी मी कबूल केलं. ‘फोटोसाठी मीच सोडलं. सॉरी.’

‘मग आधी विचारायचंस ना, मावशी,’ ती म्हणाली. मग काडी खाली घेऊन शेंगा सोडताना तिने सांगितलं, ‘या बाजूने वारा येतो. वाजणाऱ्या शेंगा इथेच पाहिजेत. तू मध्ये बांधल्यास, तर काही आवाजच येत नाही.’

मी फक्त दिसतं कसं, एवढंच बघत होते. ती ऐकत होती.

फोटो तिरक्या काडीचाच गेला. ‘सरळ नाहीये का एखादा?’ डेस्कवरून विचारणा झाली. ‘नाही,’ मी म्हटलं. छोटासा छापला, चालतंय!

मुलं घरी गेली. संध्याकाळी खिडकी उघडली, की भिंत खुळखुळते. तुम्हीही करून बघा. सुतळी आणा, टेकडीवर जा, शेंगांना ऊन दाखवा. आणि मुलं झोपली, की हात खिशात ठेवा!