काचेच्या पेटीतील सेवेकरी

आम्ही उभयता बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलो. समुद्र पाहिला तो गोव्याला जाऊन, तोही वर्षातून एखाद्या वेळी. अशा आम्हांवर काचेच्या पेटीत समुद्र सांभाळण्याचा प्रसंग यावा, हे नवलच होय. परंतु पोटापाण्यासाठी दुबईत राहत असता 2017 साली तसे घडले खरे. तेथून कायमच्या निघालेल्या एका शेजाऱ्याने आपले साठ लिटरांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आमच्या कन्येला देऊ केले. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, काही खडक, तळाशी वाळू आणि मऊ प्रवाळांचे दोन-तीन झुपके होते. आठ वर्षांची आमची मुलगी गावाकडच्या कोंबड्यांसाठी झुरत असे. तिला जीव लावायला काही मिळाले, म्हणून आम्हीही संतोषलो.

मासे तोंड उघडीत वर आले की आम्हांला ते उपाशी वाटत. मुलगी सकाळी खाद्य घाली, आम्ही संध्याकाळी घालीत असू, आणि पाहुणा आला तर तोही चिमूटभर टाकी. महिन्याभरात खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ माजले व काच धुरकट झाली. तेव्हा आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने पेटीचे लिटर विचारले व सफाईचे एक तयार पथकच हाती दिले: वीस गोगलगायी, पंधरा हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, आणि वाळू चाळणारा एक तारामासा. चाकरांची फौज मिळाली, या आनंदात आम्ही घरी आलो.

तीन आठवडे खरोखरच लखलखाट होता. शेवाळ संपले, आणि त्याबरोबर त्या जिवांचे अन्नही संपले. खेकड्यांनी गोगलगायींना मारून त्यांचे शंख बळकावण्यास आरंभ केला. मोठ्या टर्बो गोगलगायी काचेवरून खाली पडत, आणि उताण्या पडल्या की त्यांना पुन्हा उलटता येत नसे. एके सकाळी पेटीला दुर्गंधी येत होती. कुजणाऱ्या देहांतून अमोनिया पाण्यात उतरला होता व दोन्ही मासे धापा टाकीत होते. दुकानातून तयार खारे पाणी आणून आम्ही अर्धे पाणी बदलले. एक मासा वाचला, दुसरा गेला. तारामासाही पुढे उपासमारीने झिजून मेला. मुलीने रडत विचारले, “उपाशी मारायचेच होते, तर त्यांना आणले कशाला?” आम्हांपाशी उत्तर नव्हते.

त्याच इमारतीत राहणारे एक वयोवृद्ध गोवेकर अंकल बरीच वर्षे अशी पेटी राखून होते. ते येऊन पाहून म्हणाले, “बाबांनो, हे झाडू नव्हेत, ही खाणारी तोंडे आहेत. आधी काम मोजा, मग माणसे लावा. आणि मुख्य म्हणजे आपला हात आवरा.”

त्यांनी समजावले ते असे. शेवाळ पोसले जाते ते नायट्रेट व फॉस्फेट यांवर, आणि पेटीत ती येतात बहुधा आपण घातलेल्या जादा खाद्यातून. गोगलगाय शेवाळ खाते खरी, पण तिची विष्ठा पाण्यातच राहते. घाण पेटीबाहेर जाते ती आपण पाणी बदलल्याने व शेवाळ हाताने उपटून काढल्यानेच. म्हणून खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे व दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे. पाणी आटते तेव्हा मीठ मागेच उरते, यास्तव तूट गोड्या पाण्याने भरावी. नव्या पेटीत येणारी तपकिरी भुकटी पुष्कळदा आपोआप ओसरते. तिच्यासाठी कोणास आणू नये.

मग निवड. काच व खडक यांसाठी ट्रोकस जातीची गोगलगाय चांगली, कारण उताणी पडली तरी ती बहुधा स्वतः सावरते. वाळू व कानाकोपऱ्यांसाठी सेरिथ. उरलेल्या अन्नासाठी नॅसॅरियस. ही वाळूत दडून फक्त सोंड वर ठेवते व अन्नाचा वास येताच बाहेर पडते, मात्र शेवाळ खात नाही. खेकडे ठेवायचेच तर एक-दोन, आणि त्यांच्यासाठी मोठे रिकामे शंख जवळ ठेवावेत. तारामासा लहान पेटीत आणूच नये. नवा जीव आणला की पेटीतील पाणी थेंबथेंब मिसळून त्यास सवय करावी, आणि तांबे असलेले माशांचे औषध पाण्यात कधीही घालू नये, कारण त्याने गोगलगायी, खेकडे व कोळंबी मरतात.

आम्ही उरलेले खेकडे अंकलांच्या मोठ्या पेटीत दिले. तीन ट्रोकस, दोन सेरिथ व दोन नॅसॅरियस एवढेच आणले, तेही महिन्याच्या अंतराने. काच पूर्वीसारखी लखलखली नाही. थोडे शेवाळ राहिले, आणि ते राहू द्यावे हेही आम्ही शिकलो, कारण तीच त्यांची भाकरी होती.

2021 साली गावी परतताना पेटी आम्ही अंकलांच्याच स्वाधीन केली. वाचकांपैकी कोणास असा छंद जडला, तर एवढे ध्यानी ठेवावे की किनाऱ्यावरून जीव उचलून आणणे बरे नव्हे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कठीण प्रवाळ व समुद्री काकड्या 2001 पासून संरक्षित आहेत.

आमची कन्या आता गोव्याच्या वाळूवरचा रिकामा शंखही उचलीत नाही. कोणा खेकड्यास घर लागेल, असे म्हणते. गेल्या पावसाळ्याआधी आम्ही बाजारातून वीस पिल्ले आणावयास निघालो, तेव्हा तिने आधी कणगीतले दाणे पाहिले आणि म्हणाली, “आठच आणा.” आम्ही आठच आणली.